चिठ्ठीवर नसलेली तारीख

मिरजेत औषधांची दुकानं मोजायला निघालात तर संध्याकाळ होईल. दवाखाना, लॅब, मेडिकल, चहाचा गाडा, पुन्हा दवाखाना, अशी रांग लागलेली. जत, कवठेमहांकाळपासून पलीकडे अथणी, उगारपर्यंतची माणसं दुखणं घेऊन इथंच येतात आणि जाताना औषधांच्या पिशव्या सांभाळत एसटी नाहीतर रेल्वे पकडतात. सासऱ्यांनी सुरू केलेलं आमचं दुकान अशाच एका गल्लीच्या तोंडाला आहे. फार्मसीची पदवी घेऊन मी काउंटरमागे उभी राहायला लागले, तेव्हा त्यांनी एका कपाटाची किल्ली माझ्याकडे दिली आणि बजावलं, "ही कामाच्या पोरांकडं द्यायची न्हाई." ती आजही माझ्याच पर्समध्ये असते.

त्या कपाटात अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, लोराझेपाम, झोल्पिडेम असली औषधं असतात. पट्टीवर लाल रंगात ‘एनआरएक्स’ छापलेलं. गिऱ्हाइकांच्या तोंडी यातलं एकही नाव नसतं. "टेन्शनची द्या", "झोपेची द्या", "डोकं शांत करायची ती बारकी गोळी द्या की ओ ताई", असंच मागतात.

१ मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-वन’ लागू झालं तेव्हा आम्हा दुकानदारांत बरीच कुरकुर झाली. क्षयाची औषधं, वरच्या दर्जाची अँटिबायोटिक्स आणि सवय लावणारी औषधं मिळून ४६ नावं त्या यादीत होती. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम त्यातलीच. वेगळं रजिस्टर घाला, डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं ते लिहा, वर ते रजिस्टर ३ वर्षं सांभाळा. औषध निरीक्षक आले की पहिल्यांदा तेच मागतात. कटकट आहे यात शंका नाही, पण मला ते रजिस्टर वाचायला आवडतं. डॉक्टर पेशंटला सहा महिन्यांतून एकदा बघतात, आम्ही दर महिन्याला. कुणाची पट्टी तीस दिवसांऐवजी बावीस दिवसांत संपायला लागली, हे सगळ्यात आधी त्या रेघांमध्ये दिसतं.

ज्यांच्यासाठी कायदा कडक झाला असं लोकांना वाटतं, ती गिऱ्हाइकं वेगळी. मालेगावकडे अल्प्राझोलामला ‘कुत्ता गोली’ म्हणतात, संभाजीनगरकडे नशेच्या गोळ्यांना ‘बटन’. तसली पोरं आमच्या दारातही येतात. मोबाइलवर कुणाच्या तरी चिठ्ठीचा फोटो, आणि बोलताना नजर काउंटरवर नाही, मागच्या रस्त्यावर. त्यांना नाही म्हणायला काही लागत नाही. खरी पंचाईत होते ती एखाद्या निवृत्त शिक्षकाला नाही म्हणताना.

असेच एक सर आमच्याकडे यायला लागले. आधी दुसऱ्या दुकानातून घ्यायचे, ते बंद पडलं म्हणून आमच्याकडे. स्वच्छ शर्ट, खिशात पेन, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी जी चिठ्ठी काढली ती लॅमिनेट केलेली! घडी पडून फाटू नये म्हणून. तारीख चार वर्षांपूर्वीची. पत्नी गेल्यावर छातीत धडधडायचं, रात्री झोप नव्हती, तेव्हा डॉक्टरांनी दोन औषधं लिहिली होती. एस्सिटालोप्रॅम सकाळी, क्लोनाझेपाम ०.५ रात्री. खाली ‘१५ दिवसांनी दाखवणे’. सर दाखवायला काही गेले नव्हते. सकाळची गोळी त्यांनी आपली आपणच बंद केली होती, "त्यानं काही फरकच पडंना." रात्रीची मात्र चालू.

हा उलटा प्रकार मी इतक्या वेळा पाहिलाय की आता नवल वाटत नाही. डॉक्टरांच्या मनात नेमकं याच्या विरुद्ध असतं. एस्सिटालोप्रॅमसारख्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. सुरुवातीला तर कुणाकुणाची घालमेल वाढतेही. तेवढे दिवस निभावून न्यायला जोडीला क्लोनाझेपाम देतात. ती मेंदूतल्या ‘गाबा’ या शांतवणाऱ्या रसायनाचा जोर वाढवते आणि पहिल्याच रात्री काम करते. साहजिकच माणसाचा विश्वास बसतो तो लगेच गुण देणाऱ्या गोळीवर. जी पुढं चालवायची ती सुटते, जी सोडायची ती चिकटते. आणि चिठ्ठीवर सुरुवातीची तारीख असते, शेवटची नसते.

१९६० मध्ये क्लोरडायझेपॉक्साइड आणि १९६३ मध्ये डायझेपाम बाजारात आलं तेव्हा डॉक्टरांनाही हायसं वाटलं होतं, कारण त्याआधीची बार्बिच्युरेट्स जरा जास्त झाली की जीव घ्यायची. सवयीचं प्रकरण ध्यानात यायला पुढं बरीच वर्षं गेली. ब्रिटनमधल्या औषध-सुरक्षा समितीने १९८८ मध्ये डॉक्टरांना सांगितलं की ही औषधं दोन ते चार आठवड्यांपुरतीच वापरा. आमच्या सरांची चार वर्षं झाली होती.

आता कायद्याने माझं काम सोपं होतं. जुनी चिठ्ठी चालत नाही, नवी आणा, मग देते. एवढं बोलून मी मोकळी झाले असते आणि रजिस्टर स्वच्छ राहिलं असतं. पण रोज चार वर्षं घेतलेली ही गोळी एकाएकी तुटली तर काय होतं तेही मला शिकवलेलं आहे. हातपाय कापतात, घाम सुटतो, झोप पार उडते, भीती पहिल्यापेक्षा दुपटीने येते आणि काहींना फिट येते. म्हणजे त्यांना गोळी देणं बेकायदा आणि नुसतं हात हलवत परत पाठवणं धोक्याचं. सरांकडे दोनच गोळ्या उरल्या होत्या. मी काउंटरवरूनच मानसोपचारतज्ज्ञांच्या दवाखान्यात फोन लावला, दुपारची वेळ मागून घेतली. सर रागावले. "मला काय वेड लागलंय का?" असं म्हणाले, पण गेले. संध्याकाळी नवी चिठ्ठी घेऊन आले ती वाचून त्यांचाच चेहरा गोंधळलेला. डॉक्टरांनी गोळी बंद केली नव्हती. तीच गोळी, तेवढीच, आणि जोडीला सकाळची पुन्हा सुरू. उतरवायचं काम महिन्यानंतर.

ते उतरवणं जवळून बघण्यासारखं होतं. अमेरिकेतल्या व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांच्या संस्थेने इतर संघटनांना घेऊन २०२५ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के कमी करा आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांच्या पुढं जाऊ नका, असं आहे. वाचायला ठीक. पण अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीचे ५ टक्के सरांनी घरी कापायचे कशाने? आमच्याकडे मिळतात त्या मापांतूनच मार्ग काढावा लागतो. डॉक्टरांनी ०.२५ च्या गोळ्या लिहिल्या, दोनऐवजी दीड, मग एक, मग अर्धी, आणि प्रत्येक टप्पा चांगला लांबवला. मी त्यांना गोळी कापायचं कटर दिलं आणि मधे रेघ असलेल्याच गोळ्या शोधून दिल्या. तोंडात विरघळणाऱ्या गोळीचा कापताना भुगा होतो, आणि ज्यांच्यावर ‘एसआर’ लिहिलेलं असतं त्या तर तोडायच्याच नसतात; त्यातलं औषध सावकाश सुटावं अशी त्यांची घडण असते, तुकडा केला की सगळं एकदम अंगात येतं.

दीडवर आल्यावर तिसऱ्या रात्री सरांची झोप मोडली. सकाळी शटर वर जायच्या आत ते पायरीवर उभे. "बघा, आजार परत आला. मला ती लागतेच." डॉक्टरांनी फोनवर त्यांना विचारलं, "सर, घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकता का?" मात्रा पुन्हा वाढवली नाही, खालीही नेली नाही, तिथंच आणखी काही आठवडे थांबले. औषध उतरतानाचा त्रास हा आजार परतल्यासारखाच दिसतो आणि तिथंच बहुतेक माणसं माघारी फिरतात. त्या दिवसांत कुणीतरी "हे जाईल" असं सांगणारं लागतं. मग पुढचा टप्पा. सगळं मिळून जवळजवळ वर्ष गेलं.

"पॉइंट फाइव्हच तर आहे ताई, त्याचं काय एवढं" हेही नेहमी ऐकते. ५०० मिलिग्रॅमची पॅरासिटामॉल गिळणाऱ्या माणसाला ०.५ म्हणजे काहीच नाही असं वाटणारच. न्यूकॅसलच्या डॉ. हेदर अ‍ॅश्टन यांनी १९८२ ते १९९४ या काळात फक्त याच औषधांतून बाहेर पडणाऱ्यांसाठी दवाखाना चालवला. त्यांच्या तक्त्याप्रमाणे अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामचा अर्धा मिलिग्रॅम म्हणजे डायझेपामचे साधारण १० मिलिग्रॅम. हा आकडा सांगितला की डायझेपामचा जमाना पाहिलेले लोक एकदम गप्प होतात. ०.२५ आणि ०.५ च्या पट्ट्या एकाच कंपनीच्या असल्या तर दिसायलाही जुळ्या असतात, म्हणून मी गिऱ्हाइकासमोर आकडा मोठ्याने वाचते. मागच्या रांगेतल्याला ऐकू जाईल इतका मोठ्याने मात्र नाही. या गोळीची लाज अजून गेलेली नाही.

कवठेमहांकाळच्या एक आक्का सुनेबरोबर यायच्या. सून म्हणाली, "आत्ती दिवसभर पेंगत्यात, वय झालं की." मी म्हटलं, सगळ्या चिठ्ठ्या दाखवा. पिशवीत तीन डॉक्टरांच्या तीन निघाल्या. गुडघेदुखीला ट्रॅमॅडॉल. झोपेला अल्प्राझोलाम. आणि पोटात गोळा येतो, गॅस होतो म्हणून एक कॅप्सूल. घोटाळा त्या कॅप्सूलमध्ये होता. पोटाच्या पेटक्यांवरच्या एका जुन्या जोडऔषधात क्लिडिनियमबरोबर क्लोरडायझेपॉक्साइड असतं, म्हणजे १९६० चं ते पहिलं औषध. पेशंटला ती गॅसची कॅप्सूल वाटते. तसंच धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉलच्या जोडीला, किंवा उदासीच्या गोळीत एकत्रच, ही शांतवणारी औषधं आपल्याकडे सर्रास मिळतात. आक्कांच्या अंगात एकाच जातीची दोन आणि वर अफूच्या वर्गातलं ट्रॅमॅडॉल. या दोन वर्गांची औषधं एकत्र आली की श्वास मंदावू शकतो, आणि त्याबद्दल २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दोन्हींच्या माहितीपत्रकावर चौकटीतला इशारा टाकायला लावला. दारूचंही तेच. आक्का दारू पीत नव्हत्या, पण रात्री परसात लघवीला जायच्या, अंधारात, उंबरा ओलांडून. म्हाताऱ्या अंगातून ही औषधं हळू बाहेर पडतात, तोल जातो, आणि खुब्याचं हाड मोडलं की पुढचं सगळंच अवघड. तिन्ही डॉक्टरांना मी फोन केले. दोघांनी लगेच बदल सांगितला. तिसरे म्हणाले, "मॅडम, प्रॅक्टिस तुम्ही करता की मी?" पण दुसऱ्या दिवशी चिठ्ठी बदलून आली.

मला वाटतं, या औषधांबद्दलचा सगळ्यात उपयोगी सल्ला हाच आहे की सगळ्या चिठ्ठ्या एकाच माणसासमोर पसरा. तो डॉक्टर असो नाहीतर दुकानदार. गजकर्णाच्या गोळीचंच बघा. हल्ली आपल्याकडे गजकर्ण इतकं चिवट झालंय की इट्राकोनॅझोल महिनाभर लिहिलेलं असतं. हेच इट्राकोनॅझोल यकृतातल्या ज्या एन्झाइमला अडवतं, त्यानेच अल्प्राझोलाम अंगातून जात असतं. दोन्ही बरोबर घेतली की नेहमीचीच गोळी कितीतरी जास्त चढते, म्हणून ही जोडी घ्यायचीच नाही असं माहितीपत्रकात स्पष्ट आहे. उसाच्या ट्रॅक्टरवरचा एक ड्रायव्हर कातडीच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आला, तेव्हा केवळ रजिस्टरात त्याचं नाव असल्यामुळे मला ते कळलं. कातडीच्या डॉक्टरांनी त्याला विचारलं होतं, "दुसरं काही औषध चालू आहे का?" तो "न्हाई" म्हणाला. टेन्शनची गोळी त्याच्या लेखी औषधात मोडतच नव्हती.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, त्यानंतरचे आठवडे मी विसरणार नाही. घरात चिखल, जनावरं गेलेली, आणि माणसं रात्री पावसाचा आवाज आला की उठून बसायची. "एक-दोन झोपेच्या द्या, बाकी काही नको", अशी विनवणी दिवसातून कितीदा तरी. मन द्रवायचं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या सूचना अशा प्रसंगासाठीच आहेत: मोठा आघात झाल्यावर पहिल्या महिन्यात तेवढ्या कारणासाठी मोठ्या माणसांनाही ही औषधं देऊ नयेत. झोप न येणं हे त्या दिवसांत आजाराचं लक्षण असतंच असं नाही, आणि बहुतेकांचं ते कमी होत जातं. ज्यांचं होत नाही त्यांना डॉक्टर लागतात. तेव्हा आमच्याकडे द्यायला फोन नंबर नव्हता. आता ‘टेलिमानस’चा १४४१६ हा नंबर काउंटरच्या काचेवर चिकटवलाय; १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, आणि मराठीतही बोलतात.

लॉकडाउनमध्ये उलटा पेच आला. २०२० च्या मार्चअखेर कर्नाटकची सीमा बंद, अथणीकडची गिऱ्हाइकं पलीकडे अडकलेली. त्याच महिन्यात निघालेल्या टेलिमेडिसिनच्या नियमांत या वर्गाची औषधं फोनवरून लिहायला बंदी होती. आमचं दुकान उघडं, डॉक्टर फोनवर हजर, आणि गोळी मात्र हलवता येत नाही. एकाची अल्प्राझोलाम चार दिवस तुटली आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदा फिट आली, असं त्याचा भाऊ नंतर सांगत होता. तिथल्या दवाखान्यात मिरगीच्या तपासण्या सुरू झाल्या, कारण बंद पडलेल्या गोळीबद्दल कुणी बोललंच नाही. तेव्हापासून माझ्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना मी पाकिटात ठेवायला एक कागद देते. गोळीचं नाव, माप, किती वर्षं चालू. आधार कार्डाच्या मागे बसतो.

एक मात्र सांगायला हवं. हे सगळं ऐकून काहीजण घाबरतात आणि घरी जाऊन पट्टी कचऱ्यात टाकतात. तसं करायचं नाही. फिट्सच्या आजारात क्लोनाझेपाम किंवा क्लोबाझाम वर्षानुवर्षं द्यावी लागते, तिथला हिशेबच वेगळा. दारू सोडवताना पहिले काही दिवस याच वर्गातल्या औषधांनी जीव वाचतो. अचानक धाप लागून, आता मरतो असं वाटून दवाखान्यात आलेल्या माणसाला एक गोळी जो दिलासा देते तो खोटा नसतो. माझी तक्रार गोळीवर नाहीच. एकदा लिहून पुढं कुणीच न बघण्यावर आहे.

चिठ्ठीतलं ‘एसओएस’ हेही त्यातलंच. डॉक्टरांच्या लेखी याचा अर्थ, फारच गरज पडली तर. घरी पोचेपर्यंत तो रोज रात्री असा होतो. म्हणून मी विचारते, आठवड्यात जास्तीत जास्त किती घ्यायच्या सांगितल्यात? बहुतेकांना सांगितलेलंच नसतं. मग पुन्हा फोन. झोप नाही आली तर दुसरी घ्यायची नाही, गोळी घेतल्यावर गाडीला हात लावायचा नाही आणि क्लोनाझेपाम असेल तर दुसऱ्या सकाळीही अंगात बरीच उरलेली असते, हे पाकिटावर लिहून देते. नवी सून असेल तर हळूच विचारते, दिवस गेलेत का, किंवा तसा विचार आहे का. असेल तर आधी डॉक्टर, आणि तिथंही आपल्या मनाने तोडायची नाही.

लिहिलेल्या दिवसांएवढ्याच गोळ्या द्यायच्या यावरून मात्र रोज हुज्जत होते. सात दिवसांच्या सात. दहाची अख्खी पट्टी दिली तर उरलेल्या तीन डब्यात पडून राहतात आणि मग वहिनीला, परीक्षेच्या मुलाला, शेजारच्या काकांना "आम्हाला चांगली लागू पडली" म्हणून जातात. पट्टी कापली की आमच्याकडे तुकडे साठतात. बॅच नंबर आणि एक्स्पायरीचं टोक आमच्याकडे राहील असा काप घ्यावा लागतो, शेवटचा तुकडा कुणी घेत नाही. परवा एक तरुण बँकवाले आले. बदलीचं टेन्शन, क्लोनाझेपाम ०.२५, सात दिवस. मी कात्री उचलली तसे म्हणाले,

"अख्खी पट्टी द्या हो मॅडम, परत कशाला हेलपाटा?"

"आठव्या दिवशी डॉक्टरांकडे जायचंय ना तुम्हाला?"

"हो."

"मग हेलपाटा तसाही आहेच."

त्यांनी सातच घेतल्या, आणि यूपीआयने पैसे देताना विचारलं, "पण झोप छान लागली तर आठव्या दिवशी जायचं कशाला?"

"छान लागली तर नक्कीच जा," मी म्हटलं. "थांबवायची कशी, ते विचारायला."